विषय निवडतो कोण?

महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पंधरा-सोळा लाख मुले-मुली दहावीच्या परीक्षेला बसतात. निकाल लागला की पेढे वाटले जातात, आणि त्या पेढ्यांची चव जिभेवरून जाण्याआधीच घराघरांत एक प्रश्न येऊन ठाकतो – 'सायन्स, कॉमर्स की आर्ट्स?' या प्रश्नाचे स्वरूप जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. तुला कोणते विषय आवडतात, कशात गती आहे, पुढील दोन वर्षे कशाचा अभ्यास करावासा वाटतो, असे मुलाला कोणी विचारत नाही. तीन दारे दाखविली जातात आणि त्यांतील एकात शिरण्यास सांगितले जाते. दाराआडच्या खोलीत काय मांडून ठेवले आहे, हे आधीच कोणीतरी ठरवून टाकलेले असते.

कागदावर मात्र चित्र निराळे आहे. उच्च माध्यमिक परीक्षेसाठी आपल्या राज्य मंडळाच्या यादीत भाषांपासून भूशास्त्रापर्यंत, तर्कशास्त्रापासून संगीतापर्यंत अनेक विषय आहेत. त्यांना 'ऐच्छिक विषय' असे सुंदर नावही आहे. ऐच्छिक म्हणजे इच्छेनुसार घ्यावयाचे. प्रश्न एवढाच की, ही इच्छा कोणाची? विद्यार्थ्याची, पालकांची, महाविद्यालयाच्या वेळापत्रकाची, की प्रवेश परीक्षांच्या बाजाराची?

सहा जागांचा हिशोब

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला ढोबळमानाने सहा विषयांच्या जागा असतात. पर्यावरण शिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसारखे सर्वांना लागू असलेले विषय त्याखेरीज. पहिली जागा इंग्रजीने व्यापलेली आहे आणि ती सक्तीची आहे. विज्ञान शाखेत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र हे दोन विषय गृहीतच धरलेले असतात. अभियांत्रिकीकडे जायचे तर गणित हवे आणि वैद्यकाकडे जायचे तर जीवशास्त्र. कोठे जायचे हे सोळाव्या वर्षी ठरलेले नसते, म्हणून बहुसंख्य मुले दोन्ही घेतात. पाच जागा भरल्या. उरली एक. म्हणजे सहापैकी एका जागेवर काय ते 'ऐच्छिक' स्वातंत्र्य!

वाणिज्य शाखेची कथाही फारशी वेगळी नाही. पुस्तपालन, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन हे विषय ठरलेले. पुढची निवड बहुधा गणित की चिटणिसाची कार्यपद्धती, एवढ्यापुरतीच. गुण सहज मिळावेत म्हणून अनेक मुले गणित सोडून देतात, आणि पुढे संख्याशास्त्र, विमागणित किंवा वित्तीय विश्लेषणाकडे वळावेसे वाटले की लक्षात येते, दोन वर्षांपूर्वी आपणच आपल्या हाताने ते दार लावून घेतले आहे. कला शाखेत नावापुरते स्वातंत्र्य सर्वाधिक आहे. परंतु प्रत्यक्षात गावोगावच्या महाविद्यालयांत इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र याच चौकटीत ते फिरते. कला शाखेत गणित घेण्यास नियमाची आडकाठी नसते. आडकाठी असते ती ते शिकविण्याच्या सोयीची. ज्या मुलीला मानसशास्त्र शिकायचे आहे, तिला पुढे संख्याशास्त्र लागणार आहे. ज्याला अर्थशास्त्रात उच्च शिक्षण घ्यायचे आहे, त्याला कलनशास्त्र टाळता येणार नाही. हे त्यांना अकरावीच्या दारात कोण सांगतो?

मातृभाषेची जागा

आता त्या उरलेल्या एका जागेकडे वळू. ही जागा मुळात दुसऱ्या भाषेची. येथे मराठी, हिंदी, संस्कृत यांच्या जोडीला परकीय भाषा उपलब्ध आहेत आणि अनेक महाविद्यालयांत भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान हा विषयही घेता येतो. द्विलक्ष्यी अभ्यासक्रम घेतला, तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्रासारखा दोनशे गुणांचा विषय दुसरी भाषा आणि आणखी एक विषय अशा दोन जागा एकदम घेतो. प्रात्यक्षिकांचे गुण हाती लागतात, वेळही वाचतो. मग मुलांनी भाषा सोडली तर त्यांना दोष कसा द्यावा?

परंतु याचा अर्थ काय होतो, तो स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे. महाराष्ट्राच्या भूमीवर, महाराष्ट्राच्या मंडळाची परीक्षा देणारा विद्यार्थी वयाच्या सोळाव्या वर्षानंतर एकाही भारतीय भाषेचे एकही पान न वाचता बारावी उत्तीर्ण होऊ शकतो. इंग्रजी सोडण्याची मुभा त्याला नाही. मराठी सोडण्याची आहे. राज्याने २०२० मध्ये शाळांमधून मराठीच्या सक्तीच्या अध्यापनाचा कायदा केला, त्याचे स्वागतच आहे. पण त्या कायद्याचा हात पहिलीपासून दहावीपर्यंतच पोहोचतो. ज्या वयात मुलाची भाषा प्रौढ होते, ज्या वयात ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी किंवा एखादी चांगली कादंबरी खऱ्या अर्थाने कळू लागते, नेमक्या त्या वयात आपण त्याचे भाषेशी असलेले नाते ऐच्छिक करून टाकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला. अभिजात भाषेच्या स्वतःच्या घरात तिची जागा 'माहिती तंत्रज्ञान नको असल्यास' अशा स्वरूपाची असावी, हे त्या आनंदाशी सुसंगत आहे काय?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. माहिती तंत्रज्ञान नको, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्याची स्पर्धा भाषेशीच का लावावी? संगणक शिकण्याची किंमत म्हणून मातृभाषा मोजावी लागते, हा सौदा कोणी ठरविला? दोन्हींसाठी जागा असणारी रचना करता येते, आणि तशी रचना आता राष्ट्रीय पातळीवर मांडलीही गेली आहे. तिचा विचार पुढे करू.

मेकॉलेच्या माथी किती फोडायचे?

आपल्या शिक्षणातील प्रत्येक दोषाचे खापर मेकॉलेच्या माथी फोडण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. 'इंटर आर्ट्स' आणि 'इंटर सायन्स' ही विभागणी परकीय अमदानीतच रुळली. पण स्वातंत्र्यानंतरचा हिशोब आपल्यालाच द्यावा लागेल. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली आणि मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान असे सात गट सुचविले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने उच्च माध्यमिक स्तरावरील निम्म्या विद्यार्थ्यांनी व्यवसाय शिक्षणाकडे वळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. १९७८ मध्ये आदिशेषय्या समितीने याच स्तराच्या व्यवसायीकरणाचा पुन्हा विचार केला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तर तारखाच दिल्या – १९९० पर्यंत दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के विद्यार्थी व्यवसाय अभ्यासक्रमांत असावेत.

काय झाले या साऱ्याचे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेतील एक अंदाज उद्धृत केला आहे. त्यानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय मनुष्यबळापैकी पाच टक्क्यांहूनही कमी तरुणांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले होते. हेच प्रमाण जर्मनीत ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात तब्बल ९६ टक्के होते. म्हणजे आयोग नेमण्यात आपण कमी पडलो नाही, शिफारशी वाचण्यातही कमी पडलो नाही; कमी पडलो ते वर्गात शिक्षक उभा करण्यात आणि मनातील उतरंड मोडण्यात. जो मुलगा पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय हा विषय घेतो तो 'कमी गुणांचा', आणि जो पदार्थविज्ञान घेतो तो 'हुशार', ही उतरंड मेकॉलेने आपल्या घरात येऊन शिकविलेली नाही. ती आपण लग्नाच्या स्थळांपासून शेजारच्या गप्पांपर्यंत रोज जोपासत आलो आहोत. हाताने काम करणाऱ्याच्या विद्येला कमी लेखणारा समाज व्यवसाय शिक्षणाच्या कितीही योजना आखो, त्या मोडीतच निघणार.

धोरण चांगले, पण…

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या विषयावर निःसंदिग्ध भूमिका घेतली आहे. कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम, व्यावसायिक आणि पुस्तकी शिक्षण यांच्यात कठोर भिंती असू नयेत, असे ते सांगते. कै. डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा दिला, त्यात अकरावी-बारावीसाठी विषयांचे चार गट केले आहेत. पहिला भाषांचा. दुसरा कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षणाचा. तिसरा सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या व आंतरविद्याशाखीय विषयांचा. चौथा विज्ञान, गणित आणि संगणकीय विचारपद्धतीचा. विद्यार्थ्याने दोन भाषा घ्यावयाच्या, त्यांतील किमान एक भारतीय. आणि उरलेल्या गटांतून चार विषय, तेही किमान दोन गटांतून. म्हणजे पदार्थविज्ञान आणि गणिताबरोबर संगीत घेता येईल, अर्थशास्त्राबरोबर जीवशास्त्र घेता येईल, आणि कोणीही मातृभाषेला किंवा अन्य भारतीय भाषेला सोडचिठ्ठी देऊ शकणार नाही. या लेखकाच्या मते हा आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे.

ही काही परदेशातून आणलेली नवलाई नव्हे. लोकमान्य टिळकांनी गणित घेऊन पदवी मिळविली, मग कायद्याचे शिक्षण घेतले, आणि वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी ज्योतिषगणिताचा आधार घेतला. 'ओरायन' हा त्यांचा ग्रंथ १८९३ चा. संस्कृत आणि गणित या दोन्हींत गती असलेली व्यक्तीच तो लिहू शकत होती. विश्वेश्वरय्या आधी बी. ए. झाले आणि मग पुण्यात येऊन अभियंते झाले. कै. डॉ. जयंत नारळीकरांचे वडील गणितज्ञ आणि आई संस्कृतच्या विदुषी. खगोलशास्त्राच्या सर्वोच्च संशोधनाबरोबरच त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. या माणसांना आजच्या अकरावीच्या अर्जात बसविण्याचा प्रयत्न केला, तर एकाच्याही मनासारखी शाखा सापडणार नाही.

मग 'पण' कशासाठी? कारण धोरण दिल्लीत लिहिले जाते आणि वेळापत्रक तालुक्याच्या गावी. २०२५ पासून राज्यभरात अकरावीचे प्रवेश एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होऊ लागले. सोय झाली, पारदर्शकताही आली. परंतु त्या अर्जाचा कणा अजून शाखाच आहे. विद्यार्थी शाखा आणि महाविद्यालय यांचा पसंतीक्रम देतो. विषयांचा प्रश्न प्रवेश झाल्यानंतर, महाविद्यालयाच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर येतो. तेथे त्याला कळते की, तर्कशास्त्राचे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही. भूशास्त्राचा वर्ग पुरेशा संख्येअभावी बंद आहे. संगीत तर येथे कधी नव्हतेच. शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्येवर आणि तासिकांच्या भारावर मंजूर होतात. दहा मुलांच्या आवडीसाठी एक पद, हे गणित शासनाच्या हिशोबात बसत नाही. शहरात निदान दुसरे महाविद्यालय तरी असते. ज्या गावात एकच शाखा आहे आणि पुढचे महाविद्यालय एस.टी.च्या दीड तासावर आहे, तेथील मुलीसाठी ऐच्छिक विषय म्हणजे गावात जे आहे ते. नाहीतर घरी बसणे!

प्रवेश परीक्षांचे जोखड

दुसरे संकट शहरांतील आहे. अभियांत्रिकी आणि वैद्यकाचे प्रवेश सामायिक परीक्षांच्या गुणांवर ठरू लागल्यापासून बारावीचा अभ्यास हा केवळ पात्रतेचा उंबरठा उरला. दोन वर्षे खासगी शिकवणीत घालवायची आणि महाविद्यालयात नाव तेवढे ठेवायचे, हा प्रकार इतका बोकाळला की, २०१८ मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा लावून देह वर्गात आणता येतो, मन नाही. ज्या विषयाचा प्रवेश परीक्षेत उपयोग नाही तो विषय वाया, असे एकदा ठरले की ऐच्छिक विषयांची यादी कितीही लांबविली तरी ती शोभेचीच राहणार.

निवडीच्या स्वातंत्र्यालाही मर्यादा असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी चौदा विषयांची यादी देऊन त्यांतील कोणतेही तीन चालतील असे सुचविले, तेव्हा गणिताविना अभियंता कसा घडणार, अशी टीका झाली. ती टीका रास्तच होती. पाया न घालता मजले चढविता येत नाहीत. याउलट, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतलेला निर्णय योग्य दिशेचा म्हणावा लागेल. बारावीला जीवशास्त्र नसलेल्या विद्यार्थ्याने तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण केला, तरी त्याला वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसता येते. या दोन निर्णयांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्यात पायाच सोडून देण्याची मुभा होती. दुसऱ्यात पाया उशिरा घालण्याची. सोळाव्या वर्षी केलेली निवड ही जन्मठेप ठरू नये. मात्र परतीचा रस्ता खुला ठेवणे म्हणजे अभ्यास टाळण्याची पळवाट देणे नव्हे.

करता येण्यासारखे

केवळ दोष दाखवून थांबणे हे पत्रकाराला सोपे असते. म्हणून चार सूचना.

पहिली, अकरावी-बारावीला एक भारतीय भाषा सर्वांना आवश्यक करावी आणि माहिती तंत्रज्ञानाला भाषेच्या जागेवरून उठवून त्याच्या स्वतःच्या, सन्मानाच्या जागेवर बसवावे. राष्ट्रीय आराखडा हेच सांगतो; त्यासाठी नव्या आयोगाची गरज नाही.

दुसरी, कमी विद्यार्थिसंख्येचे विषय एकेका महाविद्यालयाने नव्हे, तर जवळच्या चार-पाच महाविद्यालयांनी मिळून चालवावेत. आठवड्यातील एक दिवस किंवा सकाळच्या दोन तासिका त्यासाठी राखाव्यात आणि शिक्षकाचा कार्यभार त्या सर्व महाविद्यालयांचा मिळून धरावा. राष्ट्रीय धोरणातील शाळा-संकुलांची कल्पना नेमकी यासाठीच आहे. एका महाविद्यालयात दहा मुले भरतात. पाच महाविद्यालयांत पन्नास भरतील.

तिसरी, प्रत्येक महाविद्यालयाने कोणते विषय प्रत्यक्षात शिकविले जातात आणि त्यांना पूर्णवेळ शिक्षक आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी जाहीर करावे. प्रवेश अर्जात शाखेबरोबर विषयांचा पसंतीक्रमही घ्यावा. कोणत्या विषयाला खरी मागणी किती, हे तेव्हाच शासनाला कळेल.

चौथी, व्यवसाय शिक्षणासाठी परिसरातील जाणत्या कारागिरांना, शेतकऱ्यांना, तंत्रज्ञांना वर्गात मानाने आणावे. धोरणाने ज्याला 'लोकविद्या' म्हटले आहे ती पुस्तकातून येत नाही. पैठणच्या विणकराचे, कोकणातल्या होडी बांधणाऱ्याचे ज्ञान त्याच्या हातांत आहे; पदविकेच्या कागदाअभावी ते वर्गाबाहेर ताटकळत राहावे, हे शोभणारे नाही.

हाच न्याय भारतीय ज्ञानपरंपरेच्या विषयालाही लागू आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१२-१३ मध्ये या परंपरेवर अकरावीसाठी ऐच्छिक विषय सुरू केला होता. विषय यादीत आला, पण घरोघरी त्याचे नाव पोहोचले नाही. परंपरेचा नुसता अभिमान बाळगून विषय चालत नसतो. त्याला शिकलेला शिक्षक लागतो, चिकित्सेला उतरणारे पुस्तक लागते आणि पुढच्या शिक्षणात त्या अभ्यासाला किंमत लागते. याबाबत आपल्या पूर्वजांचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि स्थानिक राज्यकर्त्यांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे तो लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि मठाला काय द्यावयाचे याचा तपशील त्यात नोंदविला आहे. गणित शिकविले जावे अशी नुसती इच्छा व्यक्त करून ती माणसे थांबली नाहीत. त्यांनी जागा दिली, पैसा दिला आणि सामान्यांना वाचता यावे म्हणून ते लोकभाषेत दगडावर कोरून ठेवले.

आज आपल्याकडे धोरण आहे, आराखडा आहे, विषयांची भरगच्च यादीही आहे. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात २०२५-२६ मध्ये पहिलीच्या वर्गापासून झाली. ती वरच्या वर्गांपर्यंत पोहोचण्यास काही वर्षे लागतील. तोवरचा काळ हा वाट पाहण्याचा नसून तयारीचा आहे. शिक्षकांची पदे, महाविद्यालयांचे गट, प्रवेश अर्जाची फेररचना ही कामे आता हाती घेतली नाहीत, तर नवा आराखडा बारावीपर्यंत पोहोचेल तेव्हा त्याचेही तेच होईल, जे मुदलियार आणि कोठारी यांच्या अहवालांचे झाले. आणि पालकांनी येत्या जूनची वाट न पाहता आपल्या मुलांना शाखा विचारण्याआधी एकदा विषय विचारून पाहावेत. शासनाच्या कोणत्याही आदेशाशिवाय होऊ शकणारी ही एकमेव सुधारणा आहे.